रिकामे स्लॉट

भाषांतराची कामं करणाऱ्या बाई हळू चालणारा लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन आल्या. दुरुस्तीवाल्याने खालचं झाकण उघडलं आणि तो चाटच पडला.

"ताई, यात रॅमच नाही. दोन्ही स्लॉटांत धूळ बसलीय. रॅमशिवाय हा सुरूच व्हायचा नाही."

"अहो, सकाळीच काम केलंय मी यावर. बाबांनी दिलेला हा. ते गेल्यापासून तीन वर्षं घर यावरच चाललंय."

त्याने बोटाएवढी रॅमची पट्टी बसवली, तर स्क्रीन काळीच राहिली. पट्टी काढल्यावर मात्र स्क्रीन लख्ख उजळली.

बाईंनी गरम लॅपटॉपवर हळूच हात ठेवला.

"बाबा, फार केलंत माझ्यासाठी. आता थांबलात तरी चालेल."

आतला पंखा थांबला. दोघंही आत डोकावली.

मग तो आधीपेक्षा जोरात फिरू लागला.