राजीनाम्याआधीचं गाऱ्हाणं

"राजीनामो वाचतलंय," गंगारामबापू म्हणाले. "पण आधी देवाक गाऱ्हाणां घालतलंय. इतक्यां तरी करूक दी गो."

किशोरीने त्यांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. मजकूर तिचा होता, सही बापूंची.

पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन या वेळी मालवणला भरलं होतं, बापूंच्या गावाजवळ. वीसेक वर्षं तेच अध्यक्ष. कट्टा गावच्या बाजारात भाषण करणाऱ्या किशोरीला त्यांनीच हेरलं होतं, सरचिटणीस केलं होतं. आज दुपारी त्यांची खुर्ची तिची होणार होती. पक्षात ठराव हात वर करून मंजूर होत, आणि बहुतेक हात तिने वर्षभरात आपलेसे केले होते.

"घाला ना, बापू."

"भायरच्या लोकांक आमची रीत ठावक नाय. तू माइकार रव. तू म्हटलंस की ते म्हणतले." बापू हसले.

बाहेर दाराशी तिचा सहायक सर्वेश थांबला होता. कुणाचे हात आपल्या बाजूने, हा तिचा सगळा हिशेब त्यानेच जुळवला होता. "ताई, गाऱ्हाण्यात मागतले काय ते?"

"म्हातारो देवाकडे काय मागतलो? राखण कर, बरां कर. मागूंदे."

"माका त्येंचां हसणां बरां दिसूक नाय."

"तुका त्येंचां काय कधी बरां दिसलां?"

मग तिने माइकवरून हिंदीत प्रतिनिधींना शिकवलं. वाक्याच्या शेवटी 'म्हाराजा' आलं की दोन्ही हात वर करायचे आणि म्हणायचं, होय महाराजा. दोनदा सराव झाला. लोकांना मजा वाटली.

वारा पडला होता. मंडपाची झालरही हलत नव्हती. बापूंनी चपला काढल्या, नारळ ठेवला, डोळे मिटले. कॅमेरे त्यांच्याकडे वळले.

"बा देवा! देशभरची लेकरां आज तुझ्या दारात इली आसत, त्येंची राखण कर रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" किशोरीच्या मागोमाग मंडप गरजला.

"कोणाचां चुकलां माकलां आसात, तां पोटात घाल रे म्हाराजा!"

"होय महाराजा!"

तिला लहानपणची जत्रा आठवली. आजोबांच्या खांद्यावर बसून ती अशीच ओरडायची. मधलं कुणी ऐकत नसे. शेवटच्या 'म्हाराजा'वर तोंड आपोआप उघडायचं.

बापूंचा आवाज चढला, वेग वाढला. सर्वेश गर्दीतून वाट काढत स्टेजकडे धावत होता. हात हलवून तो काहीतरी सांगत होता. तिला ऐकू येईना.

"ह्या गंगारामान राजीनामो लिवलो आसा, तो ह्या सभेक मंजूर नाय, मरापर्यंत अध्यक्ष तोच रवांदे रे म्हाराजा!"

"होय महाराजा!" माइकवरून किशोरीचा आवाज घुमला. तिचे दोन्ही हात वर होते. मागोमाग मंडपातले सगळे हात वर गेले.