प्रयोगशाळेतलं पाणी

“पाणी उघड्यावर नेलं की गेलंच समज, पोरी,” सरजाबाई म्हणाली आणि ड्रमच्या झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

“एका दुपारचं काम हाय, माय. दिवस मावळायच्या आत परत आत आणून ठेवते.”

विशाखानं सांगितलं खरं, पण खात्री तिलाही नव्हती. कॉलेजातल्या तिच्या क्ष-किरणांच्या खोलीत चार निळे ड्रम उभे होते, काठोकाठ भरलेले. त्या उन्हाळ्यात उदगीरचे लोक सोन्याला लावत नसतील अशी कुलपं पाण्याला लावत होते. मायलेकींच्या बौद्धवाड्यात टँकर सगळ्यांच्या शेवटी यायचा, आणि जे काही यायचं तेही कुणीतरी हातोहात लंपास करायचं. मग गल्लीनंच ठरवलं, सरजाबाईच्या पोरीच्या खोलीला लोखंडी दार हाय, पाणी तिथं ठेवायचं. विशाखा हो म्हणाली. नाही कुठल्या तोंडानं म्हणणार?

आणि तिथंच माशी शिंकली.

खोलीच्या एका टोकाला क्ष-किरणांची नळी, दुसऱ्या टोकाला नखाएवढी अर्धवाहकाची चकती. चकतीवर बारीक बारीक चौकटी. किरण एका चौकटीत पडतो आणि टप्पा खाऊन शेजारच्या चौकटीत जाऊन बसतो. चारी अंगांना सारखे उडाले, तर किरणांना कल नाही. दोनच अंगांना जास्त उडाले, तर आहे. पुस्तकात याला ध्रुवण म्हणतात. विशाखाच्या किरणांचा कल निघाला तो थोडाथोडका नाही, सगळ्यांनी भुवया उंचवाव्यात असा. परदेशातल्या मासिकानं तिचा लेख घेतला. त्याच्या जोरावर तिची कायमची नोकरी ठरणार होती. लेख छापायला उद्या शेवटची मंजुरी कळवायची होती.

पण मध्ये एकदा टँकर चुकला. ड्रम उपसत गेले, तसा किरणांचा कलही उतरत गेला. टँकर आला, ड्रम भरले, कल पुन्हा चढला. विशाखानं दोन्ही वेळचे आकडे शेजारी मांडून बघितले. पाण्यावर आपटून आलेल्या किरणांना कल असतोच, हे ती स्वतः पोरींना फळ्यावर शिकवायची. मग आपण इतके दिवस मोजलं काय? नळीतले किरण, की गल्लीचं पाणी?

विभागप्रमुख हणमंतराव सरांना तिनं सकाळीच सगळं सांगितलं होतं. लेखावर त्यांचंही नाव होतं.

“अगं बाई, कशाला उकरून काढतेस?” सर म्हणाले. “छापून येऊ दे. ऑर्डर हातात पडू दे. मग काढ ड्रम नाहीतर घाल चुलीत.”

“सर, मला घास गिळवत नाही.”

“सवय होते,” सर म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

शेवटी पाण्याविना एकदा मोजून बघायचं म्हणून मायलेकींनी पोत्यावर ठेवून एकेक ड्रम ओढत बाहेर नेला, लिंबाच्या सावलीत. सरजाबाईनं पदर खोचला आणि ड्रमांसमोर बसकण मारली. “जा तू. कोण हात लावतो, बघतेच मी.”

विशाखानं दार लावलं, शिशाच्या आडोशामागं जाऊन नळी सुरू केली. पडद्यावर ठिपके उमटायला लागले. तेवढ्यात रस्त्यावरून आवाज आला. “उदगीर जिल्हा झालाच पाहिजे!” मोर्चा तहसीलवरून परतत होता. आवाज कॉलेजच्या फाटकाशी आला, मग आत आला. विशाखा उठली. दार उघडलं की नळी बंद पडते, मोजणी पहिल्यापासून करावी लागते. माय हाय की तिथं, असं तिनं स्वतःला समजावलं आणि परत बसली.

मोजणी संपली. किरण चारी अंगांना जवळजवळ सारखे उडाले होते. नळीचा असेल तो कल नावापुरता, बाकी सगळं पाण्याचं. तिला रडूच कोसळलं. तोंड पुसून तिनं दार उघडलं.

बाहेर झाकणं इतस्ततः पडली होती, लिंबाखाली चिखल झाला होता. सरजाबाई ड्रमला टेकून बसली होती.

“माय! हे काय गं?”

“मोर्च्यातले लोक. उन्हानं जीव चाललेले. पयले दोघं आले, त्यांला म्हणलं प्या बाबांनो. मग समदाच मोर्चा आला. कुणाकुणाला न्हाई म्हणू?” सरजाबाई खिन्न हसली. “आपल्या घरचा च्या न पिणारे बी व्हते त्यात. वंजळी धरून प्याले. कुणी जात इचारली न्हाई. जाताना बाटल्या बी भरून नेल्या.”

विशाखानं ड्रमात वाकून बघितलं, तळाला ओल तेवढी उरली होती.

“तुजं काय निघालं?”

“काही न्हाई, माय. ते समदं आपल्या पाण्याचंच व्हतं.”

ऊन उतरलं होतं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन फाटकातून आत येत होत्या. पुढं चाललेल्या कोंडाबाईनं लांबूनच उघडे ड्रम बघितले आणि ती जागीच थांबली. मागच्या बायका तिच्या खांद्यावरून वाकून बघायला लागल्या.

सरजाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली.

“तुज्या सराला तू सांग,” ती म्हणाली. “ह्यांला मी सांगते.”