मुराळी

“तिलेच इचारा ना,” हिंमतराव हसत म्हणाला. “मी कसाले रोकसू? तिन्हं माहेर शे, तिन्ही आखाजी शे.”

हिलाल ओसरीवर टेकला होता. आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणासाठी, बहिणीला माहेरी न्यायला तो मुराळी म्हणून आला होता. तळोद्याकडून त्याची दमणी, हलकी बैलगाडी, ओढत आलेले बैल अंगणात उन्हात उभे होते. त्याने धनूकडे पाहिलं. “काय व धनू, येस ना?”

धनू खांबाला धरून उभी होती. भावाने विचारलं आणि तिची नजर आपसूक नवऱ्याकडे गेली. हिंमतराव सुपारी कातरत होता. त्याने वर पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. सकाळी पोरीच्या जावळातून हात फिरवत तो म्हणाला होता, “भाऊ यी तुन्हा. तुले जावानं व्हई ते जाय. पोर आठेच ऱ्हाई, ह्या घरमा.” आवाजसुद्धा चढवला नव्हता.

“नही दादा,” धनू म्हणाली. “आठेच बरं शे माले.”

म्हसावदच्या बाया म्हणत, हिंमतराव पाटलाने बायकोला फुलासारखी ठेवलीय. विहिरीवर जायला नको, गडी पाणी भरतो. बाजाराला जायला नको, लुगडंसुद्धा तोच निवडून आणतो. परसात शेजारच्या दगूबाईशी बोलताना धनू एकदा मोठ्याने हसली, तर लगोलग तिथे पुरुषभर उंचीची भिंत उभी राहिली. पण त्याने तिला कधी बोटही लावलं नव्हतं. त्यामुळे आपण भितो ते नेमकं कशाला, हे तिला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

हिलालचा चेहरा उतरला. त्याने मांडीवरचा फेटा उचलला.

“हिंमत,” आतून आवाज आला. दारात गजराबाई उभी होती, हिंमतरावाची आई. “ती तुन्हाकडे देखीसन बोली ऱ्हायनी. तू जराखा बाहेर जाय. मंग इचारू तिले.”

अडकित्ता थांबला. म्हातारीने मुलापुढे कधी तोंड उघडलेलं धनूने पाहिलं नव्हतं. ती बोलली खरी, पण चौकट धरूनच उभी राहिली.

“माय,” हिंमतराव मऊ आवाजात म्हणाला, “ऊन लागनं का तुले? आत जाय.”

गजराबाई आत गेली. आता म्हातारीच्या या बोलण्याचं काहीतरी होणार, धनूला वाटलं. आज नाही, भावासमोर तर नाहीच. त्याला कधीच घाई नसायची.

हिलाल जोडे घालू लागला. इतक्यात अंगणातून हाक ऐकू आली.

परसदाराने वळसा घालून गजराबाई पुढे आली होती. कडेवर नात, झोपेतून उठवलेली. तिने पोरीला दमणीत बसवलं आणि सणासाठी निंबाला बांधलेल्या झोक्यांकडे निघालेल्या बायांना हटकलं. “बायाहोन, मन्ही सून आखाजीले माहेर चालनी व! पोरले लिसन. पाटीलनी सोता धाडं तिले.”

बाया थांबल्या. “मोठा मनना शे पाटील,” कुणीतरी म्हणालं.

हिंमतराव ओसरीच्या कडेला आला. बाया त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. पाटीलकीचा माणूस, चारचौघांत आईला खोटं पाडणं त्याला परवडणारं नव्हतं. तो हसला. “जाय ना मंग,” तो धनूला म्हणाला. “उभी कसाले?”

धनूने खांब सोडला नाही. हिलालने हाताला धरलं तेव्हा ती अनवाणीच, नेसत्या लुगड्यानिशी पायऱ्या उतरली. दमणीजवळ हिंमतराव तिच्या शेजारी आला. सगळ्यांदेखत त्याने तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, “आखाजी दोनच दिननी ऱ्हास, धनू.”

पोरीला घेऊन परत घरात जावं, पाया पडावं, असं तिला वाटलं. पण तेवढ्यात एका बाईने पाटलाला झोक्याच्या दोराविषयी काही विचारलं आणि तो तिकडे वळला.

गजराबाईने धनूच्या दंडाला धरून तिला वर चढवलं. म्हातारीचा तळवा घामाने ओला होता.

“मन्हा भाऊ बी आसाच माले लेवाले उनता,” ती पोरीचं झबलं सारखं केल्यासारखं करत भराभर बोलली. “मी नही सांगं. मंग तो कधी उनाच नही.”

“आत्याबाई, तुमी...”

“आयक. दोन दिनमा तो माले धाडी तुले आनाले. मी येसू. रडसू, तुन्हा पाय धरसू. तरी बी येऊ नको. ते बोलनं मन्हं नसी.”

ती मागे सरली. हिलालने बैलांच्या पाठीवर थाप मारली.

दमणी गल्लीच्या वळणाला लागली तेव्हा धनूने पोरीला पोटाशी धरून मागे पाहिलं. बाया गाणी म्हणत निंबाकडे निघाल्या होत्या. हिंमतराव ओसरीवर बाजूला होऊन आईला वाट देत होता, लीनपणे, एक हात पुढे करून. गजराबाईने पदर पुढे ओढला आणि त्याच्याआधी आत गेली. मग तो आत शिरला, त्याच्यामागे दार लागलं, कडी चढल्याचा आवाज आला.

सणाच्या भरदुपारी सगळ्या गल्लीत तेवढं एकच दार बंद होतं.