चित्रातला रेमी

"अजून लांबच आहे तो," ओनोरीन चित्रासमोर उभी राहून म्हणाली. "आणि पाठमोरा. माझा पोरगा घरी येतोय, की घरातून चाललाय?"

बातिस्त ब्रश पुसत राहिला. लाकडी बूट कोरण्यात त्याचा जन्म गेला होता. चित्रं काढायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याची शेतं जरा जास्तच पिवळी व्हायची, गाई मेंढ्यांएवढ्या. पण लढाईत रेमी बेपत्ता झाल्याचं कळल्यापासून प्रत्येक चित्रात तो घराच्या वाटेवर रेमीला काढायचा. तो दिसला की ओनोरीन दोन घास खायची.

"या खेपेला तोंड इकडे कर त्याचं."

"मला चेहरे जमत नाहीत."

"बापाला पोराचा चेहरा आठवत नाही?"

बातिस्तने ब्रश डब्यात ठेवला.

चुलीपाशी गडी भिंतीकडे तोंड करून कोबीचं सूप पीत होता. लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात तो आला. अर्धा चेहरा तोफगोळ्याने नेलेला, आवाजाच्या जागी नुसती घरघर. आल्या दिवशीच त्याचा तोंडावर बांधलेला रुमाल सुटला, तेव्हा ओनोरीन छातीवर क्रूस काढत मागे सरली होती. बातिस्तने फार गयावया केली, म्हणून तिने त्याला राहू दिलं. तेही रुमाल कधी सोडायचा नाही या अटीवर.

"ए रुमाल्या," ती म्हणाली, "तुझी अंगकाठी रेमीसारखीच आहे. उद्या वाटेवर उभा राहा. अंग तुझं बघून काढेल बातिस्त. चेहरा मी सांगेन."

गड्याने वाडगा खाली ठेवला आणि मान हलवली.

सकाळी बातिस्तने दारात चित्र मांडलं. ओनोरीन शेजारी बसून सांगत गेली. नाक माझ्यासारखं. हनुवटीला खळी. डावी भुवई जराशी वर. वाटेवर गडी वाऱ्यात रुमाल धरून ताठ उभा होता.

दुपारपर्यंत चेहरा चित्रात उतरला. ओनोरीन बराच वेळ बघत राहिली.

"हाच," ती म्हणाली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "हाच माझा रेमी." मग उठता उठता म्हणाली, "त्या रुमाल्याला आता कामाला लाव. कधीचा माझ्याकडे टक लावून बघतोय."

ती आत गेली. गडी जागचा हलला नाही. बातिस्त वाटेपर्यंत चालत गेला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला,

"आईला तुझा चेहरा अजून पाठ आहे, रेमी."