होर्डिंगवरची दुर्बीण

नव्यानंच झालेल्या राज्यात दहावीला अनुश्री पहिली आली आणि गुळाला मुंगळे लागावेत तशा रायपूरच्या खासगी शाळा तिच्या बापाच्या, गौतमच्या मागे लागल्या. सगळ्यात मोठ्या शाळेत प्रिन्सिपलनं तिला दुर्बिणीपाशी उभं करून आधी फोटोच काढला. दुर्बिणीला डोळा लावलेली पोरगी वळली, “बाबा, इसमें काँच ही नहीं है!” प्रिन्सिपल हसले, “बेटा, पढ़ना तो कोचिंग में है, यहाँ बस नाम रहेगा.” “चाल पोरी!” गौतम उठला. अनुश्रीला त्यानं दुसऱ्या साध्या शाळेत घातलं. महिन्याभरात भनपुरीच्या चौकात त्या मोठ्या शाळेच्या होर्डिंगवर तोच फोटो झळकला: ‘हमारी शान’. गौतम फाडायला निघाला, तर दारात शेजारचा निरंजन पेढे घेऊन उभा. “तुमची पोट्टी पाहून आमच्या निधीले तिथंच टाकलं, भाऊ. आता म्हणते, त्या दुर्बिणीतून चंद्र पाहीन!”