कन्हानवर घिरट्या

मिनलताई सुखरूप उतरली. हे वाचलंच नाही असं समजा, कारण आमच्या घरी ती अजून नागपूरजवळच्या कन्हान नदीवर घिरट्या घालते आहे.

विमान उडवायच्या गेमसाठी मी दोन अ‍ॅड-ऑन निवडली. एकामुळे इंधन खऱ्यासारखं संपतं. दुसऱ्यामुळे आकाशातली खरी विमानं स्क्रीनवर दिसतात. हे दुसरं आईच्या हट्टानं घेतलं, कारण ताई सातव्या महिन्यात, बाळंतपणासाठी पुण्याहून येणार होती.

आज ताईचं विमान स्क्रीनवर दिसलं, आणि नेमकं तेव्हाच माझं विमान नागपूरच्या धावपट्टीवर मधोमध बंद पडलं. इंधन खलास. ताईचं विमान खाली आलं, पण माझं आडवं असल्यामुळे गेमनं ते परत वर पाठवलं आणि ते कन्हानवर घिरट्या घालू लागलं. आईनं माझा खांदा आवळला.

"बाजूले हो ना गा गोलू, पोरगी उतरून राहिली!"

"गेमच बंद करतो, आई."

"बंद करशीन तर ती उतरंन कुठं?"

तेवढ्यात ताईचा फोन आला. "आई, मी उतरली वं. टॅक्सीत बसली."

"विमानात फोन बंद ठेवा लागते, मिनल! गुपचूप पट्टा बांधून बस." आईनं फोन कापला.

अर्ध्या तासानं ताई बॅग घेऊन दारात उभी राहिली. स्क्रीनवरची नजर न हटवता आईनं मला अर्ज लिहायला लावला.



"मा. विमानतळ संचालक यांस सविनय विनंती की, आमच्या चिरंजीवांचे विमान क्रेनने तात्काळ हटवून आमच्या कन्येस आधी उतरवून घ्यावे. ती केव्हाची दारात खोळंबली आहे."