तेरा इंची चाकं

“एकशे पंच्याऐंशी,” ओलिंदोने तिसऱ्यांदा बजावलं. “चौदाची रिम. रुंद टायर सांगितलेत, तेच लाव.”

“नाही लावत,” तुल्लिओ म्हणाला. “एकशे पंचावन्न. तेराची रिम. पटत नसेल तर जा खाली शहरात आणि तिथल्या पोरांकडून फसवून घे.”

दोघेही एकाहत्तरचे. तुल्लिओचं टायरचं दुकान घाटाच्या पायथ्याशी आणि ओलिंदोचं घर तिथून दोन वळणं वर. इटलीत आब्रुत्सोच्या डोंगरातल्या त्या घाटात दर जूनला गाड्यांची शर्यत लागते. एकेकाने वर चढायचं, आणि घड्याळ सांगेल तो पहिला. बाकीच्या साठ-सत्तर गाड्यांचं काय होतं, याच्याशी या दोघांना काही देणंघेणं नव्हतं. चाळीस वर्षांत वीस वेळा हा पुढे, वीस वेळा तो.

भांडण रंगात आलं तशी तुल्लिओने कॉफी आणली. गेल्या हिवाळ्यापासून तो ती दुधाच्या जाड, मोठ्या कपातून द्यायचा. छोटे कप फुटले म्हणे.

“घोटभर कॉफीला हा हंडा!” कप दोन्ही तळव्यांत धरून ओलिंदो म्हणाला. “तुझ्या आईने पाहिलं असतं तर घराबाहेर काढलं असतं तुला.”

“पी गुमान.”

ओलिंदो प्यायला. त्याचं चित्त कॉफीत नव्हतं. गेल्या वर्षी तिसऱ्या वळणावर स्टिअरिंग त्याच्या हातातून निसटलं होतं. बोटं आखडली ती वळेचनात, आणि गाडी कडेच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर जाऊन घासली. लोक धावत आले तेव्हा “टायरची पकड सुटली,” असं तो बोलून गेला. सकाळी शर्टाची बटणं बायको लावून देते, तीही दार लोटून घेऊन, हे तो मेला तरी कुणाला सांगणार नव्हता. आता त्याच्याच थापेने त्याला कोंडीत धरलं होतं. पकड सुटली म्हणणाऱ्याने रुंद टायर मागायला हवेत, नाहीतर चार लोक विचारणार. आणि रुंद टायर लावले की त्या जुन्या गाडीचं स्टिअरिंग आणखी जड होणार. ते वळवायला आता त्याच्याकडे फक्त ही बोटं होती.

यंदा हात निसटला तर गाडी विकून टाकायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलं होतं. गाडीचं दुःख त्याने कसंबसं गिळलं असतं. पण घाट सुटला की तुल्लिओशी भांडायचं कशावरून?

“सत्तर घोड्यांची तुझी चिमुकली गाडी,” तुल्लिओ टायरवर थाप मारत म्हणाला. “तिला एवढे रुंद टायर म्हणजे पोराच्या पायात बापाचे बूट. अरुंद टायर हलका असतो लेका, वळणातून झटकन सुटतो. चाक लहान, म्हणजे गाडी जमिनीलगत बसते. डोकं असलेला माणूस यंदा हेच लावणार. मीसुद्धा हेच लावतोय.”

“तू? खा शपथ.”

“आईशप्पथ.”

“हरलो ना, तर दुकान पेटवून देईन तुझं,” ओलिंदो गुरगुरला. खरं तर त्या क्षणी त्याला तुल्लिओच्या टकलाचा मुका घ्यावासा वाटत होता.

शर्यतीच्या दिवशी पहिल्याच वळणावर त्याला कळलं. स्टिअरिंग नुसत्या तळव्यांनी वळत होतं. दुसरं वळण गेलं. तिसऱ्यावर त्याने श्वास रोखला, आणि पेंढ्याचे गठ्ठे हातभर अंतरावरून निघून गेले. माथ्यावर पोचल्यावर हेल्मेटच्या आत तो चक्क रडला. मग तुल्लिओ वर आला, तेराच्याच चाकांवर; घड्याळाने त्याला चार दशांश सेकंद जास्त दाखवले. एकवीस-वीस.

सोमवारी सकाळी वाइनची बाटली काखेत मारून ओलिंदो दुकानात पोचला. हरलेल्याला चिडवण्याचा हा हक्काचा दिवस होता. तुल्लिओ बाहेर कुणाच्या तरी ट्रॅक्टरखाली आडवा झाला होता.

“कॉफीचं आधण ठेवलंय,” तो खालूनच ओरडला. “साखर संपलीय. मागच्या खोलीत नवी पुडी असेल बघ.”

मागच्या खोलीत पुडी होती, फळीवर. फळीखाली जुनी चादर टाकलेली एक उतरंड होती. ओलिंदोने सहज चादर उचलली. चार कोरे टायर, अंगावरचे रबराचे केसही न झिजलेले. एकशे पंच्याऐंशी, चौदा. वरच्यावर तुल्लिओच्या खडूतल्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : ‘माझी गाडी. जून.’

तुल्लिओच्या गाडीचं इंजिन मोठं. हे लावले असते तर तो सहज पुढे गेला असता.

उतरंडीच्या पोकळीत वर्तमानपत्राचं एक पुडकं होतं. ओलिंदोने ते उलगडलं. आत कॉफीचे सहा छोटे कप. कानाचा टवकासुद्धा उडालेला नव्हता.

त्याने एक कप उचलून पाहिला; इवल्याशा कानात त्याचं आखडलेलं बोट शिरेना. मग त्याने कप पुन्हा कागदात गुंडाळले. त्याच्या बोटांना ते जमायला वेळ लागला. पुडकं होतं तिथे ठेवलं, वर चादर नीट ओढली.

“काय रे, सापडली का?” बाहेरून हाक आली.

“सापडली!” ओलिंदोने बाहीने डोळे पुसले. “आणि ऐक रे म्हाताऱ्या, नवे छोटे कप आणायच्या भानगडीत पडू नकोस. मोठ्या कपातच कॉफी बरी लागते.”